रूड फक्त 'मातीतला पैलवान'? काहीही!

कोथरूडकर:
काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, 'नॉर्वेचा टेनिसपटू कॅस्पर रूड म्हणजे मातीच्या कोर्टावरच्या किरकोळ स्पर्धांतला शेर, बापाच्या पुण्याईवर वर आलेला.' डोकंच फिरलं. एकाच वर्षात, २०२२ ला, फ्रेंच आणि यूएस ओपन दोन्हींची फायनल खेळलाय तो. न्यूयॉर्कला, म्हणजे यूएस ओपनला, जिंकला असता तर थेट जगात नंबर एक! त्याच मॅचमध्ये पहिल्या सेटला आपण मारण्याआधी चेंडूचे दोन टप्पे पडले म्हणून स्वतःहून अल्कराझला पॉइंट देऊन टाकला. एवढ्या मोठ्या मॅचला कोण करतं असं?

बॅकहँडबंड्या:
सभ्यपणाचा कप वेगळा मिळतो का? फ्रेंचच्या फायनलला, पॅरिसला, नदालने शेवटचा सेट ६-० असा घेतला. पुढच्या वर्षी पॅरिसलाच जोकोविचने सरळ तीन सेटमध्ये गुंडाळलं. २०२१ ला बोस्टाड, श्टाड, किट्झब्यूल, मातीवरच्या छोट्या स्पर्धा, तीन आठवड्यांत तीन कप. बडे खेळाडू कुठे होते तेव्हा? गवतावर तर बोंबच. 'गवत गोल्फवाल्यांसाठी' हा विनोद त्याचाच. आणि हो, आडनावात 'रूड' आहे म्हणून कोथरूडकरांनी वकीलपत्र घ्यायलाच हवं असं नाही.

अश्विनी_डोंबिवली:
बापाची पुण्याई म्हणणाऱ्यांनी एकदा मूल टेनिसला घालून बघावं. लेकीला पहाटे साडेपाचला स्कूटरवरून कोर्टवर सोडायचे. रॅकेटची तार तुटली की घरात सुतक. तिच्या स्पर्धांपायी एफडी मोडली आणि चौदाव्या वर्षी ती म्हणाली, आई, बास. रूडचा बाप आणि कोच क्रिस्टियन रूड स्वतः १९९५ ला जगात ३९व्या नंबरवर होता. कुठे खर्च करायचा, कुठे नाही, हे त्याला ठाऊक होतं. आम्ही अंधारात चाचपडत होतो.

बॅकहँडबंड्या:
म्हणजे पुण्याईच ना ताई? मी तेच म्हणतोय!

स्लाइसशेठ:
बाप कोच असणं सुख वाटतं तुम्हाला? माझे बाबाच माझे कोच. जिल्हा स्पर्धेत हरलो तर जेवताना ताटातली चपाती रॅकेटसारखी धरून ग्रिप दाखवायचे. आईने एकदा ताटच उचललं. अजून आमच्याकडे टीव्हीवर टेनिस लागलं की मी बाल्कनीत जातो.

अश्विनी_डोंबिवली:
तुमच्या वडिलांचा राग माझ्यावर काढू नका. फुकट कोच मिळाला होता तुम्हाला!

स्लाइसशेठ:
फुकट? माझी पाठ विचारा.

कोथरूडकर:
अहो, धागा रूडचा आहे! बाप ३९वर थांबला, पोरगा २ वर गेला. मधले सदतीस नंबर काय वारसाहक्काने मिळाले? शिवाय २०१८ पासून त्याने स्पेनमधल्या मायोर्काला नदालच्या अकादमीत घाम गाळलाय. ज्याच्याकडे शिकला त्याच्याशीच पॅरिसची फायनल, पोटात गोळा येणारच. माद्रिद २०२५ विसरलात? फायनलला ब्रिटनच्या ड्रेपरला तीन सेटमध्ये हरवलं. हजार पॉइंटची स्पर्धा आहे ती, किरकोळ नव्हे.

बॅकहँडबंड्या:
माद्रिद दिलं. घ्या. पण तीही मातीच.

कोथरूडकर:
सॅन डिएगोचा कप हार्ड कोर्टवर होता, मातीवर नव्हे. २०२१.

बॅकहँडबंड्या:
बरं बाबा, सॅन डिएगोही दिलं. आता गवतावरच्या विम्बल्डनचं काय ते बोल.

स्लाइसशेठ:
ताई, तुमची लेक अजून खेळते का हो?

अश्विनी_डोंबिवली:
रविवारी. बॅडमिंटन.