एफपीजीएवरून पॅल रंगीत संकेत : चित्र कृष्णधवलच का दिसते?

प्रश्न : एफपीजीएवर (आतली जोडणी हवी तशी ठरवता येणाऱ्या चिपवर) मी पॅल या टीव्हीच्या रंगीत चित्रपद्धतीचा संकेत तयार करतो आहे. चिपचा ताल ठरवणाऱ्या १०० मेगाहर्ट्झ क्लॉकला २२ने भागून मी रंगाचा सबकॅरिअर, म्हणजे रंगाची माहिती वाहणारी लहर, तयार केला आहे. चित्र स्थिर आहे, परंतु जुन्या टीव्हीवर रंग अजिबात उमटत नाही. चूक कोठे असावी?

उत्तर १ : भागाकारातच. पॅलला ४.४३३६१८७५ मेगाहर्ट्झ लागतात आणि आपल्याला सुमारे ४.५४५ मिळतात, टीव्हीतील क्रिस्टल (ठरावीक वारंवारतेने कंप पावणारा स्फटिक) इतका फरक पकडू शकत नसल्यामुळे टीव्ही रंगाचे मंडलच बंद करतो. त्याऐवजी ३२ बिटांचा फेज ॲक्युम्युलेटर (लहरीची फेज, म्हणजे आवर्तनातील स्थान, बेरजेने पुढे नेणारा गणक) घेऊन प्रत्येक क्लॉकला त्यात १९०४२२४७५ मिळवावे आणि वरच्या आठ बिटांनी साइन तक्ता (साइन लहरीच्या किमतींची यादी) वाचावा, म्हणजे चूक एका हर्ट्झच्या शंभराव्या भागाहूनही कमी राहते. माझ्या मते या विषयातील हा सर्वांत देखणा भाग आहे.

उत्तर २ : बर्स्टही, म्हणजे टीव्हीला संदर्भ म्हणून प्रत्येक ओळीच्या आरंभी पाठवलेला सबकॅरिअरचा छोटा तुकडाही, तपासावा. सिंक (ओळीचा आरंभ दाखवणारा स्पंद) सुरू झाल्यावर ५.६ मायक्रोसेकंदांनी त्याची सुमारे १० आवर्तने हवीत, आणि त्याची फेज एका ओळीत १३५, तर पुढच्या ओळीत २२५ अंश असावी. त्याच तालावर व्ही घटकाचे (रंगाच्या संकेतातील दोन घटकांपैकी एकाचे) चिन्हही उलटावे लागते.

प्रश्नकर्ता : ॲक्युम्युलेटर बसवताच रंग उमटले, मात्र ओळीआड छटा बदलत होती, व्हीचे चिन्ह उलटल्यावर तीही स्थिरावली. दोघांचेही मनःपूर्वक आभार.