मुलाखतीत जुनी नोकरी सोडण्याचं खरं कारण किती सांगावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

येत्या गुरुवारी पुण्यात मुलाखत आहे, एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशनच्या जागेसाठी. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं निघणार आहे. त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर जुळवायला मदत करा.

मी सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात साडेचार वर्षं होतो. पॅकिंग लिस्ट, इन्व्हॉइस, कंटेनर लावणं, सगळं माझ्याकडे. शेवटी शेवटी ४५० जीएसएमच्या मालावर ५०० लिहायला सांगू लागले. जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजन. टॉवेलचा भाव त्यावर ठरतो, त्यामुळे ५० चा फरक छोटा नाही. दोन कन्साइनमेंटवर मी सही केली. तिसऱ्या वेळी हात चालला नाही, राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि आठ महिने घरीच गेले.

मागे चिंचोळी एमआयडीसीत एका ठिकाणी "आधीची नोकरी का सोडली?" विचारल्यावर मी सगळं सांगून टाकलं, मालकांच्या नावासकट. समोरच्या साहेबांनी फाइल मिटली, "कळवतो" म्हणाले. फोन आला नाही. घरी येताना वाटत राहिलं, आपण खरं बोललो की नुसता राग काढला? त्या कारखान्यावर अजून चाळीसेक माणसांचं घर चालतंय. आणि आपल्याकडे सूतवाले, डाइंगवाले, ट्रान्सपोर्टवाले सगळे एकमेकांना ओळखतात. सकाळी बोललेलं संध्याकाळी पोचतं.

मित्र म्हणतो, "पगार वाढवंना म्हणून सोडली म्हण, अन् तारखा जरा पुढं ओढ." तारखांचं जमणारच नाही. पीएफच्या पासबुकात महिन्यागणिक जमा दिसते, यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, मागितला की उघडं पडेल. उघडं पडणार नसतं तरी मला ते नको होतं. खोटा आकडा लिहायचा नाही म्हणून एक नोकरी सोडली, आता खोटी तारीख लिहून दुसरी कशी धरू?

गॅपचं टेन्शन नाही. वडील आता काठी घेऊन चालतात, तेही सांगेन, म्हणजे सारखी रजा लागेल का ही शंका राहणार नाही.

अडतंय ते सोडण्याच्या कारणापाशी. सध्या असं ठरवलंय: "काही कागदांवर सही करणं मला पटलं नाही, त्यावरून मतभेद झाले. जुन्या ठिकाणाबद्दल यापेक्षा जास्त बोलणं मला योग्य वाटत नाही." यात खोटं काही नाही. पण त्यांनी पुढे विचारलं, "त्याआधी कधी सही केली होती का?" तर? हो म्हटलं तर नोकरी हातची जाईल असं वाटतं. नाही म्हटलं तर ते खोटं. गप्प बसलो तर संशय येणारच.

एचआरमधले, किंवा ज्यांनी स्वतः मुलाखती घेतल्यात, त्यांनी कृपया सांगा. समोरचा उमेदवार "हो, दोनदा केली होती" म्हणाला, तर तुम्ही त्याला पुढचा प्रश्न काय विचाराल? त्याची तयारी करून जाईन म्हणतो.