भूमितीच्या सिद्धता पाठ करायला लावू नका

छेदिका: धाकट्या बहिणीची भूमितीची परीक्षा दोन आठवड्यांवर आलीय, रोज संध्याकाळी तिच्यासोबत बसतोय. बाह्यबिंदूतून वर्तुळाला काढलेले दोन स्पर्शिकाखंड एकरूप असतात ही सिद्धता तिला घडाघडा येते, पक्ष (दिलेलं ते), साध्य (सिद्ध करायचं ते), रचना सगळं. परवा मी फक्त बाह्यबिंदूचं नाव डीच्या जागी एम केलं आणि आकृती आडवी काढली तर पोरगी अडकलीच. त्रिज्या जोडायच्या हेच सुचेना, कारण तिच्या डोक्यात त्रिज्या नव्हत्याच, "रेख एपी व रेख एक्यू काढा" एवढी ओळ होती. माझं स्पष्ट मत आहे की सिद्धता पाठ करणं बंद करावं आणि साध्याकडून उलटं यावं. दोन रेषाखंड समान दाखवायचेत, मग ते कुठल्या त्रिकोणांत आहेत? त्या त्रिकोणांत आपल्याला काय माहितीय? स्पर्शिका त्रिज्येला लंब म्हणून दोन काटकोन, त्रिज्या समान, कर्ण सामाईक. कर्णभुजा कसोटी लागली, त्रिकोण एकरूप झाले, संपलं. असं आलं तर अक्षरं कुठलीही असू देत.

वहीपेन: पूर्ण असहमत. बरीच वर्षं मुलांना शिकवतेय म्हणून बोलते. तुम्ही "स्पर्शिका त्रिज्येला लंब" सहज लिहून गेलात, ते कुठून आलं? पाठ होतं म्हणूनच ना? जे मूल गणिताला घाबरतं त्याला परीक्षेत पहिली दहा मिनिटं हाताला काहीतरी येणारं लागतं. पाठ केलेली एक सिद्धता नीट लिहून झाली की श्वास जागेवर येतो आणि मग पुढचं सुचायला लागतं. कोऱ्या पानाकडे बघत "साध्याकडून उलटं ये" म्हणालात तर ते मूल रडेल हो, मी रडताना पाहिलीयत. शिवाय प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण लिहावं लागतं, संगत कोन की व्युत्क्रम कोन, तिथे शब्द चुकला की गुण गेला. ही शिस्त पाठांतरानेच येते.

छेदिका: ताई, प्रमेयांची विधानं पाठ हवीतच, त्यावर वाद नाही. मी सिद्धतेच्या ओळींबद्दल बोलतोय.

कंपासपेटी: तुमच्या दोघांच्या बोलण्यात आकृती कुठेच नाही. मी त्रिकोण एकरूप ठरवायच्या कसोट्या, बाकोबा, कोबाको, बाबाबा (बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन) सगळं पाठ केलं होतं आणि तरी प्रत्येक वेळी बाबाको लावून मोकळा व्हायचो, सर लाल रेघ मारायचे आणि मला कळायचंच नाही काय चुकलं. मग एकदा स्वतः काढून बघितलं. ३० अंशांचा कोन, त्याच्या एका भुजेवर ८ सेमी घेतले आणि त्या टोकावर कंपास ठेवून ५ सेमीचा कंस मारला, तर तो दुसऱ्या भुजेला दोन ठिकाणी छेदतो! एक छेद कोनाच्या शिरोबिंदूपासून साधारण ३.९ सेमीवर आणि दुसरा ९.९ वर. तीच मापं आणि दोन वेगळे त्रिकोण, म्हणजे ती कसोटी असूच शकत नाही. नंतर कधीच चुकलो नाही. आणि कच्ची आकृती काढताना त्रिकोण मुद्दाम वेडावाकडा, विषमभुज काढा, देखणा समद्विभुज काढला की "दिसतायत तर समानच" असं मन परस्पर धरून चालतं आणि जे सिद्ध करायचंय तेच पक्षात घुसतं.

वहीपेन: आकृतीचं पटलं. पण पाठांतर म्हणजे पोपटपंची असं जे धरलं जातं त्याचं मला खरंच वाईट वाटतं. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकात पायथागोरसचं प्रमेय ४७ वं येतं, त्याच्या आधी ४६ विधानं आहेत आणि त्यातलीच त्याला टेकू म्हणून लागतात. हा क्रम डोक्यात असल्याशिवाय मागे येणार तरी कुठे? मी मुलांना पुस्तक मिटून सिद्धता लिहायला लावते, अडलं की बघायचं, परत मिटायचं. यालाही मी पाठांतरच म्हणते.

छेदिका: असं असेल तर आपल्यात अंतर कमी आहे. बहीण पुस्तक उघडं ठेवून वाचत बसते, वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि मिटलं की काही उरत नाही. माझा राग त्यावर होता. तरी अक्षरं बदलून बघायला हवीतच, हे मी सोडणार नाही.

वहीपेन: मग एक करून बघा. आंतरलिखित कोन (शिरोबिंदू वर्तुळावर असलेला) त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मा असतो, या प्रमेयाच्या तीन स्थिती असतात, केंद्र कोनाच्या भुजेवर, कोनाच्या आत, कोनाच्या बाहेर. पहिली तिला चोख पाठ करू द्या, त्रिज्यांमुळे झालेला समद्विभुज त्रिकोण आणि त्याचा बाह्यकोन, लहानच आहे. उरलेल्या दोन अजिबात दाखवू नका. शिरोबिंदूतून व्यास काढ एवढंच सांगा आणि गप्प बसा. एकीत दोन कोनांची बेरीज येते, दुसरीत वजाबाकी, हे तिचं तिला दिसलं पाहिजे, अक्षरं तुम्ही हवी ती द्या. किती वेळ लागला आणि नेमकी कुठे अडली ते उद्या इथे लिहा.