एचआरच्या मुलाखतीत कायदा विचारतात
एचआरच्या (मनुष्यबळ विभागाच्या) नोकरीच्या मुलाखतीची तयारी कशी करायची, असं एका ताईने विचारलंय. त्यावर 'एचआरच्या मुलाखतीत गोड बोलता आलं की झालं' असं कुणीतरी म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही. चाकणच्या एका कारखान्यात मला पहिलाच प्रश्न आला: कामगार बाईने सुपरवायझरच्या लैंगिक त्रासाची तक्रार आणली तर काय कराल? कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, त्यावरून मी सांगत गेले. १० किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवीच, अध्यक्षपदी वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा, चौकशी ९० दिवसांत. मग विचारलं, सुपरवायझर मालकाचा भाचा असेल तर? फार मोलाचा प्रश्न! समिती तीच, नियम तेच, असं मी ठामपणे म्हटलं. पगाराचं बोलणं पटकन आटोपलं. ताई, पीएफ-ग्रॅच्युइटीसोबत हा कायदाही नीट वाचून जा.