थेट निवडलेल्या सरपंचांना परत बोलावण्याचा अधिकार मतदारांना आहे का?

नदीकाठ (प्रश्न)

नमस्कार. आमच्या गावात सुमारे 1,900 मतदार आहेत आणि ग्रामपंचायतीचे सदस्य 9. 2022 च्या डिसेंबरात सरपंचांची निवड थेट मतदारांतून झाली आणि मीही तेव्हा त्यांनाच मत दिले होते. गेल्या तीन वर्षांत ग्रामसभा बहुतेक कागदावरच झाल्या. 15 ऑगस्टला झेंडावंदनानंतर चहा होतो, हजेरीच्या वहीत सह्या घेतल्या जातात आणि त्या सह्यांच्या वरच्या कोऱ्या जागेत ठराव मागाहून लिहिले जातात. पाण्याच्या टाकीचे काम जोत्यापर्यंत येऊन थांबले आहे, उघड्या गजांना गंज चढला आहे आणि खर्चाचा हिशेब विचारला की 'मासिक सभेत मंजूर आहे' एवढेच उत्तर मिळते.

मागच्या महिन्यात आम्ही दहा-बारा जणांनी घरोघरी फिरून 640 सह्या आणि अंगठे गोळा केले आणि तो गठ्ठा घेऊन तहसील कार्यालयात गेलो. तेथील कर्मचाऱ्यांनी अर्ज वाचला आणि मतदारांच्या अर्जावर अविश्वास ठराव घेता येत नाही, सदस्यांच्या सह्या आणा, असे सांगून तो परत दिला. 2011 साली अण्णा हजारे यांनी लोकप्रतिनिधींना परत बोलावण्याच्या अधिकाराची मागणी केली, तेव्हापासून हा शब्द आमच्या कानांवर आहे आणि निदान गावपातळीवर तरी तो अधिकार मिळाला असावा, अशी आमची समजूत होती. ज्यांना आम्ही स्वतः निवडले, त्यांना परत बोलावण्याची सुरुवात आम्हांला का करता येऊ नये? आणि सध्याच्या कायद्यात आमच्या हाती नेमके काय आहे?

जुना ग्रामसेवक

मी सेवेतून निवृत्त झालो आहे आणि अविश्वास ठरावाच्या अनेक सभांना कागदपत्रे घेऊन बसलो आहे. कार्यालयात तुम्हांला मिळालेले उत्तर कायद्याला धरून आहे. मात्र ते अर्धे उत्तर आहे आणि उरलेले अर्धे तुमच्या उपयोगाचे आहे.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 35 मध्ये अविश्वास ठरावाची तरतूद आहे. पूर्वी सदस्यच आपल्यातून सरपंच निवडत असत, त्यामुळे त्यांना काढणे हेही सदस्यांचेच काम होते. 2017 मध्ये थेट निवडणूक आली, 2020 मध्ये ती रद्द झाली आणि 2022 मध्ये पुन्हा सुरू झाली. थेट निवडीबरोबर कलम 35 मध्येही बदल झाले. आता किमान दोन तृतीयांश सदस्यांनी तहसीलदारांकडे नोटीस द्यावी लागते, तहसीलदार सात दिवसांच्या आत विशेष सभा बोलावतात आणि त्या सभेत तीन चतुर्थांश बहुमत लागते. एवढ्यावर सरपंचांचे पद जात नाही. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली विशेष ग्रामसभा होते आणि तेथे मतदारांनी गुप्त मतदानाने ठरावावर शिक्कामोर्तब केले, तरच पद रिकामे होते. म्हणजे शेवटचा शब्द तुमचाच आहे. पहिला शब्द मात्र सदस्यांचा आहे.

तुमच्या 9 सदस्यांचा हिशेब मांडला, तर नोटिशीला 6 सह्या आणि सभेत 7 हात लागतात. पदसिद्ध सदस्य म्हणून सरपंचांना धरून संख्या 10 मोजली, तर तोच आकडा 7 आणि 8 होतो. संख्या कशी मोजणार, हे तहसीलदारांना आधीच लेखी विचारून ठेवा, कारण पुढचे वाद बहुधा याच एका सदस्यावरून होतात. नोटीस विहित नमुन्यातच द्यावी आणि कारणे मोघम नसावीत. 'विश्वासात घेत नाहीत' असे सगळेच लिहितात. टाकीच्या कामाचा ठराव कोणत्या तारखेचा, त्या दिवशी सभा झाली होती का, असे मुद्दे लिहिलेले मी फार कमी पाहिले.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. निवडीनंतरची पहिली दोन वर्षे आणि मुदत संपण्यापूर्वीचे शेवटचे सहा महिने असा ठराव आणता येत नाही आणि एकदा फेटाळला गेला, तर पुढची दोन वर्षे पुन्हा आणता येत नाही. तुमची तीन वर्षे संपलेली आहेत. त्यामुळे तुम्हांला एकच संधी आहे, हे समजून तयारी करा.

माळव्यातली मराठी

आमच्या तीन पिढ्या इंदूरला गेल्या, तरी घरात मराठीच बोलली जाते, म्हणून इकडची माहिती येथे लिहिते. मध्य प्रदेशात नगरपालिका अधिनियमाच्या कलम 47 मध्ये थेट निवडलेल्या अध्यक्षांना परत बोलावण्याची सोय आहे. तीन चतुर्थांश नगरसेवक प्रस्तावावर सह्या करतात, जिल्हाधिकारी त्या तपासतात आणि मग शहरातले सगळे मतदार एखाद्या निवडणुकीसारखे रांगा लावून मतदान करतात. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. एका चित्रात खुर्चीवर माणूस बसलेला असतो आणि दुसऱ्यात खुर्ची रिकामी असते. लोक या मतदानाला 'खाली कुर्सी, भरी कुर्सी' याच नावाने ओळखतात. ज्यांना एक अक्षरही वाचता येत नाही, अशा आजीबाईंनाही त्या चित्रांचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही.

2001 मध्ये तेव्हाच्या शहडोल जिल्ह्यातील अनूपपूर येथे अशा मतदानाने अध्यक्षांना पद सोडावे लागले आणि देशात अशा रीतीने पद गेल्याचे ते पहिले उदाहरण मानले जाते. छत्तीसगडमध्ये 2008 साली तीन ठिकाणच्या अध्यक्षांची पदे गेली. राजस्थानात मात्र 2012 मध्ये बारां जिल्ह्यातील मांगरोळ येथे मतदारांनी अध्यक्षांनाच कायम ठेवले, आणि माझ्या मते ते उदाहरणही तितकेच महत्त्वाचे आहे. नगरसेवक रुसले म्हणून गाव रुसले, असे नसते, हे त्या मतदानाने दाखवून दिले.

तथापि तुमच्या मूळ प्रश्नापुरते पाहिले, तर आमच्याकडेही सुरुवात नगरसेवकांच्याच हाती आहे. हरियाणाने 2020 मध्ये वेगळी वाट धरली. तेथे सरपंचांच्या निवडीला एक वर्ष झाल्यानंतर 33 टक्के मतदार लेखी मागणी करू शकतात आणि गुप्त मतदानात 67 टक्के मते विरोधात गेली, तर सरपंच पदावरून जातात. तुमच्या 640 सह्या 1,900 मतदारांत जवळपास तेवढ्याच भरतात, हे वाचून मला हळहळ वाटली.

माजी सदस्या

सह्यांवर प्रक्रिया सुरू व्हावी, या मागणीला माझा पाठिंबा आहे, परंतु दुसरी बाजू मी घरात पाहिली आहे. माझ्या थोरल्या जाऊबाई जुन्या पद्धतीने, म्हणजे सदस्यांतून, राखीव जागेवर सरपंच झाल्या होत्या. पदावर आल्यावर त्यांनी पहिल्याच मासिक सभेत बिलांची फाइल मागितली आणि न वाचता धनादेशावर सही करायला नकार दिला. पुढे काही महिन्यांतच नोटीस आली. नोटीस देणारे सदस्य त्या रात्रीपासून गावात कोणाला दिसले नाहीत. त्यांना 'देवदर्शनाला' नेल्याचे सांगण्यात आले. सभेच्या दिवशी ते एकाच जीपमधून थेट ग्रामपंचायतीच्या दारात उतरले, खाली मान घालून बसले आणि सांगितल्यावर हात वर केले. जाऊबाईंना बोलण्याची संधी होती. त्यांनी त्या फाइलमधली तीन बिले तारखांसह वाचून दाखवली, पण ऐकणाऱ्यांचे आधीच ठरलेले होते. बाहेर ओट्यावर बायका बसून होत्या, त्यांना मात्र मत नव्हते.

म्हणून विशेष ग्रामसभेच्या गुप्त मतदानाची अट आली, तेव्हा मला फार बरे वाटले. जीपमध्ये सहा माणसे बसवता येतात, एकोणीसशे बसवता येत नाहीत. महिला राखीव पदावरील महिला सरपंचांसाठी जुन्या तरतुदीतही तीन चतुर्थांश बहुमत लागत असे, पण सगळे सदस्य एका बाजूला गेल्यावर त्या अटीचा आधार उरत नाही. राखीव जागेवर निवडून आलेली बाई किंवा दलित सरपंच कोणाच्या सांगण्याप्रमाणे वागत नसली, की अविश्वासाची भाषा लवकर सुरू होते, हे गावात राहणाऱ्या कोणालाही मी सांगायला नको.

तरीही सुरुवात मतदारांना करू दिली तर अनागोंदी माजेल, हा युक्तिवाद मला पटत नाही, कारण आपल्याच राज्यात मतदारांच्या सह्यांवर मतदान घेण्याची पद्धत आधीपासून आहे. दारूचे दुकान बंद करण्यासाठी महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी 25 टक्के जणांनी अर्ज केला, की सह्यांची पडताळणी होते आणि मग 'उभी बाटली, आडवी बाटली' असे गुप्त मतदान होते. निम्म्याहून अधिक मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकानाला कुलूप लागते. त्या मतदानासाठी मी स्वतः सह्या गोळा केल्या आहेत. पडताळणीच्या दिवशी प्रत्येक बाईला अधिकाऱ्यांसमोर उभे राहून 'ही सही माझीच आहे' असे सांगावे लागले. काही जणी मजुरी बुडवून आल्या आणि काहींना घरून येऊ दिले नाही. इतकी कसोटी लावून दारूच्या दुकानाबद्दल आमच्या सहीवर विश्वास ठेवता येतो, तर सरपंचांबद्दल का ठेवता येऊ नये? सह्यांचे प्रमाण एक तृतीयांश ठेवा, पहिल्या दोन वर्षांचे संरक्षण ठेवा, पडताळणी कडक ठेवा; पण दार तेवढे उघडा.

नदीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या 9 पैकी 4 सदस्य उघडपणे आमच्या बाजूने आहेत, दोघे खासगीत हो म्हणतात आणि तिघे सरपंचांचे जवळचे आहेत. म्हणजे नोटिशीला सह्या कशाबशा होतील, पण सभेत हात कमी पडतील आणि मग पुढची दोन वर्षे तोंड बंद ठेवावे लागेल. माजी सदस्यांचा अनुभव वाचून आम्ही काल रात्री मारुतीच्या पारावर बसून असे ठरवले, की कोणाही सदस्याला सहलीला न्यायचे नाही आणि कोणाच्या घरी रात्री जायचे नाही. ठराव आत्ता आणायचा नाही, हेही ठरले. मात्र 640 सह्यांचे कागद तसेच पडून राहावेत, हे मनाला पटत नाही. त्यांचा काही उपयोग होईल का?

जुना ग्रामसेवक

होईल. त्या सह्यांवरचा मजकूर बदलावा लागेल, त्यामुळे सह्या पुन्हा घ्याव्या लागतील; जुन्या सह्यांना नवा कागद जोडू नका, तसे केले तर तुमच्यात आणि त्या हजेरीच्या वहीत फरक राहणार नाही. नवा अर्ज ग्रामसभेच्या मागणीचा करा, त्यात टाकीचे काम हा स्वतंत्र विषय लिहा आणि ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या. त्याची प्रत गटविकास अधिकाऱ्यांना द्या. ग्रामसभा वेळेवर न घेणे हे सरपंचांच्या अपात्रतेचे कारण ठरू शकते, त्यामुळे अशा अर्जाकडे दुर्लक्ष करणे सोपे नसते. दुसरीकडे माहितीच्या अधिकारात टाकीच्या कामाचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, दिलेली बिले आणि त्या तीन वर्षांतल्या ग्रामसभांची इतिवृत्ते मागा. एकाच अर्जात दहा विषय कोंबू नका.

गैरवर्तन किंवा कर्तव्यात कसूर सिद्ध होत असेल, तर कलम 39 खाली विभागीय आयुक्त सरपंचांना पदावरून दूर करू शकतात. त्याआधी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडून चौकशी होते आणि सरपंचांना म्हणणे मांडू दिले जाते. या वाटेने वेळ लागतो, पण तेथे 7 हात मोजले जात नाहीत, कागद तपासले जातात. खासगीत हो म्हणणाऱ्या त्या दोघांसमोरही बिले आणि इतिवृत्ते ठेवा. मोजमाप पुस्तिकेत टाकीची उंची किती दाखवली आहे, ते आधी पाहा आणि त्याच दिवशी जोत्याशेजारी टेप धरून छायाचित्र काढून ठेवा.