मदत हवी आहे: ओढ्याच्या पाण्याचा नमुना कसा घ्यावा?

कारखान्याचं सांडपाणी ओढ्यात सुटतं ते बहुतेक रात्री. पहाटे दगडांना तपकिरी फेस चिकटलेला असतो, दुपारपर्यंत सगळं वाहून जातं. तपासणीवाले मात्र येतात दुपारीच! म्हणून नमुना आपणच घ्यावा म्हणतोय. बीओडीसाठी (पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती प्राणवायू वापरतात, ती चाचणी) बाटली काठोकाठ भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि ४ अंशांच्या आसपास थंड ठेवायची. जड धातूंसाठी वेगळी बाटली, त्यात नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणायचा. इथवर ठीक. अडतंय ते पुढे. एकदा भरलेली बाटली पुरते, की रात्रभर तासातासाला घेऊन एकत्र करायचं? तुलनेसाठी सांडपाण्याच्या पाइपाच्या वरच्या अंगाला, म्हणजे ओढा जिकडून येतो तिकडे, किती अंतरावर भरायचं? आणि साक्षीदार, सील वगैरे नसेल तर असा नमुना ग्राह्य धरतात का? कुणी स्वतः केलं असेल तर सविस्तर सांगा.