घरावर सोलर बसवलंत ते नक्की कशामुळे? साताऱ्यासाठी सल्ला हवाय

ताकपिठं: साताऱ्यात स्वतःचं घर आहे, वर मोकळी गच्ची. हिवाळ्यात लाइट बिल दीडेक हजार, पण एप्रिल-मेमध्ये दोन एसी सुरू झाले की पाच हजारांच्या पुढे. गल्लीत वर्षभरात चार घरांवर पॅनल चढले आणि आता आई रोज विचारते आपलं कधी. बाबा म्हणतात दोन लाख एफडीत टाकले तर व्याज तरी येईल. वेंडरचे फोन तर विचारूच नका, सगळ्यांचं एकच पालुपद, 'झिरो बिल'. ज्यांनी बसवलंय त्यांनी खरं सांगा, कशापायी बसवलं आणि आता पस्तावा होतो का?

गच्चीवरचा_पतंग: नाशिक, ३ किलोवॅट, दीड वर्ष झालं. सबसिडी सबसिडी सगळे करतात पण माझं खरं कारण वीजदराचे स्लॅब. महावितरणचं १०० युनिटपर्यंत ठीक असतं, ३०० च्या वरचं प्रत्येक युनिट महाग, आणि सोलर हे वरचे महागडे युनिटच आधी खाऊन टाकतं. केंद्राच्या सूर्यघर योजनेत सबसिडी पहिल्या दोन किलोवॅटला ३०-३० हजार, तिसऱ्याला १८, म्हणजे एकूण ७८ हजार. त्यावर मोठी सिस्टीम घेतली तरी तेवढेच. मला १ लाख ९५ हजार पडले, ते ७८ नंतर खात्यात आले. उन्हाळ्यात दिवसाला १२-१३ युनिट, जुलैत पाऊस लागला की ५ वर सुद्धा येतं. झिरो बिल वगैरे विसरा, स्थिर आकार भरावाच लागतो. आणि बाबांना सांगा एफडीच्या व्याजावर टॅक्स लागतो, वाचलेल्या बिलावर नाही 😄

फणसगरे: मी चिपळूणचा, माझं उलट झालं. आमच्याकडे पावसात लाइट कधी जाईल नेम नाही म्हणून हौसेने सोलर घेतलं, आणि पहिल्याच दिवशी लाइट गेली तर भर उन्हात घर बंद!! वेंडरने आधी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं असेल तर लाइनमधली वीज गेली की सोलरचा इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो, नाहीतर आपली वीज तारेत जाऊन खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जायचा. बॅकअप हवा तर बॅटरीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी, तो खर्च वेगळा आणि बॅटरीवर सबसिडी नाही. त्यामुळे लाइट जाते म्हणून घेणार असाल तर दहादा विचार करा.

शेजारचं_बिल: खोटं कशाला बोलू, आम्ही शेजाऱ्यांमुळे बसवलं. पर्यावरण वगैरे नंतर सुचलं. काकांनी मे महिन्याचं दोनशे रुपयांचं बिल कट्ट्यावर आणून दाखवलं, त्याच आठवड्यात आमच्या ह्यांनी अर्ज केला. माहितीपत्रकं दोन वर्षं घरात पडून होती, कोणी वाचली नव्हती.

गच्चीवरचा_पतंग: 😂 आमच्याकडून बघून तिघांनी बसवलं. लोकांना ओळखीच्या माणसाचं बिल दिसलं की पटतं.

पुणेरी_चकली: फ्लॅटवाल्यांनो, सोसायटीच्या लिफ्ट आणि पंपासाठी सुद्धा सबसिडी मिळते, किलोवॅटला १८ हजार. पण मीटिंगमध्ये वरच्या मजल्यावरचे 'गच्ची गळेल' म्हणून अडवतात, आमची सोसायटी तिथेच अडकलीय. बाकी ज्यांचं महिन्याला शंभर युनिटही होत नाही त्यांनी घाई करू नका, पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतील. मोठी सिस्टीम लावून वीज विकू असंही कोणी म्हणू नका, मार्चअखेर उरलेल्या युनिटचे किरकोळ पैसे मिळतात.

ताकपिठं: सगळ्यांचे आभार, बाबांना टॅक्सचा मुद्दा एकदम पटला. गच्चीवर दक्षिणेला पाण्याची टाकी आहे, चालेल का?

गच्चीवरचा_पतंग: टाकीची सावली एका पॅनलवर पडली तरी त्या ओळीतल्या बाकीच्यांचंही उत्पादन पडतं. टाकी हलवा नाहीतर स्ट्रक्चर उंच घ्या, खाली वाळवणं घालता येतात हा फायदा वेगळाच. ३ किलोवॅटला तीनेकशे चौरस फूट मोकळी जागा धरा. आणि पॅनल डीसीआर म्हणजे भारतीय सेलचेच घ्या, नाहीतर सबसिडी विसरा. वीज बिल कोणाच्या नावावर आहे?

ताकपिठं: आजोबांच्या. ते जाऊन नऊ वर्षं झाली 🙈

शेजारचं_बिल: मग आधी बिलावरचं नाव बदला, अर्ज त्यानंतर. आमचे दोन महिने ह्यातच गेले.